एकतिसावा मजला, लोअर परळ: खेड्यातून लेकराकडे राहायला जाणाऱ्यांसाठी

आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात घरटी एखादं तरी लेकरू पुण्या-मुंबईला आहे. त्यातली काही आता चांगल्या पगारावर उंच टॉवरमध्ये राहायला गेली आहेत. मग गावी फोन येतो, "आई, बाबा, आता चार-दोन महिने इकडेच या." जावं की नाही, गेलो तर तिथे कसं निभेल, सोबत काय न्यावं, हे गावात मला जो तो विचारतो. माझा मुलगा आणि सूनबाई मुंबईत लोअर परळला अशाच एका टॉवरमध्ये एकतिसाव्या मजल्यावर भाड्याने राहतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, आणि आमचे हे कास्तकार. आम्ही दोघं तिथे पावसाळ्यातही राहिलो आणि उन्हाळ्यातही. टॉवरचं नाव लिहीत नाही. मला जे सांगायचं आहे ते त्या भागातल्या बहुतेक टॉवरांना लागू पडेल.

आधी निकाल सांगते. दाराच्या आत या घराला मी पैकीच्या पैकी मार्क देईन. दाराबाहेर, म्हणजे लिफ्टपासून खालच्या गेटपर्यंत, मार्क कापावे लागतात, आणि आपल्यासारख्यांच्या दृष्टीने ते थोडेथोडके नाहीत.

खारपाणपट्ट्यातल्या बाईचं लक्ष कुठल्याही घरात पहिल्यांदा पाण्याकडे जातं. आमचा मुलूख पूर्णेच्या काठचा. विहीर खणा नाहीतर बोअर मारा, पाणी खारंच. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पिकाला दिलं तर जमीन बिघडते, आणि घराघरात मूतखड्याची तक्रार आहे. प्यायचं पाणी शहानूर धरणाच्या नळयोजनेचं. ते ज्या दिवशी येईल त्या दिवशी सगळं काम टाकून भरून ठेवायचं. माझ्या लग्नापासून आजपर्यंत आमच्या घरातली गंज-पातेली, कोठ्या आणि टाक्या वाढतच गेल्या आहेत.

त्या एकतिसाव्या मजल्यावर तोटी फिरवली की गोडं पाणी येतं, रात्री-अपरात्रीसुद्धा आणि चांगल्या जोराने. मुंबईला पाणी सात तलावांतून येतं: भातसा, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा, विहार आणि तुळशी. विहार आणि तुळशी शहरातच आहेत, बाकीचे ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतले. इमारतीच्या तळघरात मोठी टाकी आहे. तिथून पंपाने वर चढवतात, आणि अधल्यामधल्या मजल्यांवरही टाक्या आहेत. त्यामुळे वरच्याला धार बारीक आणि खालच्याच्या नळाला नको तितका दाब, असं होत नाही. संडासाच्या फ्लशला वेगळी नळी आहे. इमारतीचंच सांडपाणी तळघरात शुद्ध करून त्या नळीत सोडतात, म्हणून त्या पाण्याला कधी कधी पिवळट छटा दिसते. सूनबाईला तो रंग आवडत नाही. मला मात्र अख्ख्या टॉवरमधली ही सगळ्यात शहाणपणाची सोय वाटली. पिण्याजोगं पाणी संडासात ओतायचं नाही एवढं तिथे कुणीतरी ठरवून केलंय, आणि त्यासाठी त्या बांधणाऱ्याचं मी मनापासून कौतुक करते. ज्या शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा आहेत तिथल्या पाड्यांवरच्या बाया उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, हे मी वर्षानुवर्षं पेपरात वाचत आले आहे. तोटी सोडताना ते मनात येतंच. तिथे राहायला जाल तेव्हा नातवंडांना हे नक्की सांगा, त्यांना कोणी सांगत नाही.

विजेचं थोडक्यात सांगते. त्या भागात बेस्टची वीज आहे, ती क्वचितच जाते, आणि गेली तर काही क्षणांत इमारतीचा जनरेटर लागतो. आमच्याकडे वादळ आलं की तार कुठे तुटली ते शोधायलाच रात्र जाते, त्यामुळे हे सुख मोठं आहे. पण आपला कूलर तिथे काही कामाचा नाही. हवाच इतकी ओली असते, की कूलर लावला तर आणखी चिकचिक होते. पश्चिमेकडची काचेची भिंत दुपारनंतर तापते आणि एसी लावावाच लागतो. आमच्या गावातली पंचेचाळीस अंशांची कोरडी लाही सोसलेल्या माणसाला मुंबईचे चौतीस अंश सोपे वाटतील असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. अंगावरचा घाम वाळतच नाही.

आता पैशाचं. फ्लॅट दोन बेडरूमचा, साडेआठशे चौरस फूट कार्पेटचा. विकत घेणाऱ्यांसाठी एक सांगते: 2016 चा रेरा, म्हणजे बिल्डरांवरचा कायदा, आल्यापासून बिल्डरला कार्पेट क्षेत्र सांगावंच लागतं, तेव्हा 'सुपर बिल्ट-अप' च्या मोठ्या आकड्याकडे पाहू नका, भिंतीच्या आत किती जागा मिळते तेवढंच विचारा. भाडं महिन्याला सव्वा लाख. मी हा आकडा गावात कुणाला सांगत नव्हते, पण लपवून उपयोग नाही, कारण लेकरं कशाच्या जोरावर राहतात आणि का दमतात ते आई-बापाला कळलं पाहिजे. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये. म्हणजे ते एका महिन्याचं भाडं पंधरा क्विंटलांहून जास्त कापसाचं झालं. आमच्या कोरडवाहू वावरात एकरी पाच-सहा क्विंटल उतरला तर ते साल चांगलं म्हणतात. हे गणित यांनी एका संध्याकाळी खिडकीत बसून केलं आणि नंतर बराच वेळ बोलले नाहीत. मुलाने सांगितलं, की कामाचं ठिकाण पायी पंधरा मिनिटांवर आहे. लांब घर घेतलं असतं तर दोघांचे मिळून रोज चार तास लोकलमध्ये गेले असते, आणि नात झोपल्यावरच घरी पोचले असते. हे मला पटलं. नात आई-बापासोबत जेवते, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्या भाड्यातला मोठा वाटा त्या दोन जेवणांचा आहे असं मी धरते.

आणि कापसाचा विषय निघालाच आहे, तर वऱ्हाडातल्या माणसाला हे माहीत असलंच पाहिजे, की ते टॉवर कशावर उभे आहेत. लोअर परळ, परळ, लालबाग, वरळी, हे सगळं गिरणगाव. 1854 साली मुंबईत पहिली सूतगिरणी स्थापन झाली. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1861 ते 1865 या काळात, तिकडचा कापूस इंग्लंडला पोचेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आपल्याकडे जिनिंग-प्रेसिंग उभ्या राहिल्या, खामगावला कापसासाठी रेल्वेचा फाटा आला, आणि आपल्या दर्यापूरवरून जाणारी, आता बंद पडलेली शकुंतला गाडीसुद्धा मुळात कापूस वाहण्यासाठीच टाकलेली. कापसाच्या गाठी मुंबईत उतरायच्या. मग 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि बहुतेक गिरण्या त्यातून सावरल्याच नाहीत. 1991 च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी झाली, 2001 मध्ये तो नियम बदलून ती आणखी रुंद केली, आणि आज तिथे ऑफिसं, मॉल आणि टॉवर आहेत. फिनिक्स मिलच्या जागी मोठा मॉल आहे, त्यात जुनी चिमणी तेवढी उभी ठेवली आहे. यांनी तिथे उभं राहून ती चिमणी खालून वरपर्यंत पाहिली. कापूस सरकारलाच विकावा लागायचा त्या एकाधिकार खरेदीच्या दिवसांत बैलबंडी घेऊन केंद्रावर रात्र-रात्र काढलेला माणूस आहे तो. आपला कापूस पुढे कुठे जातो हे त्यांना तेव्हा कुणी दाखवलं नव्हतं.

खिडकीतून एकीकडे समुद्र आणि वांद्रे-वरळी सागरी सेतू दिसतो, दुसरीकडे ना. म. जोशी मार्गाच्या बाजूच्या चाळी. लेकरं पाहुण्यांना समुद्राची बाजू दाखवतात. मी जास्त वेळ चाळींच्या बाजूला बसायचे, कारण तिकडे माणसं दिसतात. तुम्हीही गेलात तर त्या गल्ल्यांमध्ये उतरून फिरा. पिठाची गिरणी तिथे आहे, ताजी भाजी तिथे आहे, मराठीतून दोन शब्द बोलणारी माणसंही तिथेच आहेत. पिठाच्या गिरणीत एक आजोबा भेटले, साताऱ्याकडचे, जन्म कापडगिरणीत गेलेला. दर्यापूर म्हणताच ते बोलले, "म्हणजे अकोल्याजवळ का? गाठींवर असायचं की अकोला, खामगाव, अमरावती. आम्हाला गाव ठाऊक नाही, पण नाव ठाऊक." मग आमच्या यांनी आणि त्यांनी गिरणीच्या पायरीवर बसून धाग्याच्या लांबीवर तासभर गप्पा मारल्या. टॉवरच्या माहितीपुस्तकात जिम, पोहण्याचा तलाव, छोटं थिएटर असं सगळं आहे, ही गल्ली मात्र त्यात नाही. मला विचाराल तर त्या पत्त्याची खरी किंमत तीच.

स्वयंपाकघर चांगलं आहे. नळाने येणारा गॅस आहे, सिलिंडर बदलायची कटकट नाही. घर घेण्याआधी हे विचारून घ्या, कारण नुसती विजेची शेगडी असेल तर भाकर फुगत नाही आणि भरिताचं वांगं भाजता येत नाही. धूर ओढणारी चिमणी आहे, पण मिरच्या भाजल्या तर खकाणा दाराखालून बाहेरच्या बंद पॅसेजमध्ये जातो आणि तासभर हलत नाही. ठेचा करायचा तर दार नीट लावून, खिडकी उघडून करा. खिडकीही हातभरच उघडते, एवढ्या उंचीवर सुरक्षिततेसाठी तसं केलेलं असतं. खलबत्त्यात चटणी कुटली तर आवाज खालच्या घरात जातो. आमच्या खालच्या ताईंचा इंटरकॉमवर फोन आला होता, बोलल्या नीटच. तेव्हापासून मी खलबत्त्याखाली सतरंजीची जाड घडी घालते, आणि दुपारी झोपायच्या वेळेला कुटत नाही. तीळ-जवसाची चटणी त्यांनाही एका वाटीत नेऊन दिली. नंतर त्यांनी स्वतःहून मागून घेतली.

वाळवणाचं मात्र तिथे काहीच जमत नाही. बाल्कनीच्या कठड्यावर काहीही टाकायला मनाई, कपडेसुद्धा आतल्या बाजूला छताला टांगलेल्या दांड्यांवर वाळतात. एक तर ऊन थेट येत नाही, आणि आलं तरी हवेतला ओलावा कुरडई कडक होऊ देत नाही. तेव्हा कुरडया, सांडगे, मुगाच्या वड्या, पापड, हे सगळं चैत्रात गावीच करून न्या आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात तूरडाळीला वास लागतो, ज्वारीचं पीठ लवकर विरी जातं आणि मग भाकर थापताना चिरते. मी ज्वारी अख्खी नेते आणि चार-पाच दिवसांपुरतीच दळून आणते. तिखट आणि हळद फ्रीजमध्ये. हरभऱ्याची डाळ आमच्या वावरातली नेली होती. सूनबाईने ती शेजारच्या दोन घरी दिली, आणि पुढच्या वेळेस 'दर्यापूरचा हरभरा' म्हणून मागणी आली.

आता गेटचं. हे मी सगळ्यात मन लावून लिहिते आहे.

टॉवरमध्ये कोणीही सरळ येऊ शकत नाही. मोबाईलच्या ॲपमधून घरच्यांनी आधी परवानगी द्यायची, मग पाहुण्याच्या फोनवर आकडा येतो, तो गेटवर सांगायचा, तिथे फोटो काढतात, मग लॉबीत पुन्हा नोंद, मग लिफ्ट. लिफ्टही कार्ड लावल्याशिवाय आपला मजला घेत नाही. चोऱ्यामाऱ्यांची भीती असते, लेकरं दिवसभर बाहेर असतात, हे मला कळतं. पण आमच्याकडे दार उघडं असतं आणि येणारा माणूस अंगणातूनच हाक मारतो. ही पद्धत घेऊन जाणाऱ्या माणसांवर त्या गेटवर काय वेळ येते ते ऐका.

लोअर परळपासून कॅन्सरचं टाटा हॉस्पिटल जवळ आहे. आपल्या भागातून टाटाला किती माणसं जातात ते सगळ्यांना माहीत आहे, आणि तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने किती जबडे खाल्ले तेही. माझे चुलत थोरले दीर श्रावणात तपासणीसाठी गेले होते. आपल्याच शेंडगावात 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा दादरला आहे, तिथे दोघं उतरले. मी जाऊबाईंना म्हटलं, एक दिवस घरचं जेवायला या, भाऊजींना मऊ भात आणि वरण करते. ती दोघं येणार म्हणून मी सकाळपासून वाट पाहत होते. दिरांचा सदरा-पायजामा, खांद्यावर दुपट्टा. जाऊबाई नऊवारीत. हातात कापडी थैली, त्यात फाईल आणि एक्स-रेचं मोठं पाकीट. पाऊस लागलेला. दिरांचा फोन साधा बटणांचा, त्यावर कसला आकडा येणार? त्यांनी चिठ्ठीवर लिहिलेला घर नंबर दाखवला. गेटवरच्याने घरी लावलेला फोन इंटरकॉमवर न येता मुलाच्या मोबाईलवर गेला, आणि मुलगा मीटिंगमध्ये. तपासणीसाठी तोंडातला तुकडा काढला होता, त्यामुळे दिरांना धड बोलता येत नव्हतं. जाऊबाईंना काय विचारतात ते कळेना. गेटच्या पत्र्याखाली दोघं उभे राहिले, एक्स-रे भिजू नये म्हणून ते पाकीट लुगड्याच्या पदराखाली धरून. परवानगी मिळाल्यावर त्यांना वर पाठवलं ते सर्व्हिस लिफ्टने, कचऱ्याचे डबे आणि सामान ज्या लिफ्टने जातं तिने. ती लिफ्ट स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी उघडते. माझे थोरले दीर माझ्या लेकराच्या घरात मागच्या दाराने आले.

ते काही बोलले नाहीत. जाऊबाई म्हणाल्या, "अवं, पोचलो ना नीट, झालं." मी मात्र त्यांना जेवायला वाढून लगेच खाली गेले. गेटवरच्या भाऊंना विचारलं, तर ते म्हणाले, "काकू, आम्हाले सांगतलं हाय तसंच करतो जी." बोली ऐकून मी थांबले. आपल्या वऱ्हाडातल्याच मेहकरकडचे निघाले. ते म्हणाले, की घरकामाच्या बाया, ड्रायव्हर, सामान आणणारी पोरं, या सगळ्यांना मागच्या लिफ्टने पाठवायचं असा नियम आहे, आणि कोण पाहुणा, कोण कामाचा, हे कपड्यांवरून ठरवायची पाळी त्यांच्यावर येते. ठरवण्यात चूक झाली तर दोन्हीकडून बोलणी त्यांनाच. त्या माणसावर मला राग धरता आला नाही. नियमावर धरला, आणि अजून धरून आहे.

दिवसभर त्या घरात भांडी घासणारी मावशी बेलापूरहून दोन गाड्या बदलून येते. नातीला तिच्या हातचं जेवण आवडतं, कपाटाच्या किल्ल्या तिच्या ताब्यात असतात. आणि लिफ्ट मात्र तिला वेगळी. मी शाळेत वर्षानुवर्षं पोरांना एका पंगतीला बसवून खिचडी वाढली आहे, त्यामुळे हे मला सोसत नाही आणि सोसू नये असंच मला वाटतं. मी असेपर्यंत मावशीला सोबत घेऊन पुढच्या लिफ्टने जात होते. कोणी अडवलं नाही.

तुमच्या घरी असं होऊ नये म्हणून पोचल्या दिवशीच मुलाकडून दोन कामं करून घ्या. एक, त्या ॲपमध्ये घरचा म्हणून तुमचाही फोन नोंदवायचा आणि इंटरकॉमचा फोन आधी घरातच वाजेल असं करायला लावायचं. दोन, गावाकडून कोणी येणार असेल तर आधीच पास काढून ठेवायचा, आणि शक्य असेल तर स्वतः खाली जाऊन घेऊन यायचं. तुम्हालाही राहणाऱ्यांचं कार्ड मिळतं, त्यासाठी आधार कार्ड आणि फोटो लागतो, सोबत न्या. कार्ड नसेल तर पहाटे फिरायला उतरलेल्या माणसाला स्वतःच्याच मजल्यावर परत जाता येत नाही.

आगीबद्दलही विचारून घ्या. उंच इमारतीत जिन्याने सगळ्यांना एका दमात खाली उतरता येणार नाही, म्हणून मुंबईच्या नियमात साधारण 24 मीटर उंचीनंतर एक आणि पुढे दर सात मजल्यांनी एक अशी मोकळी जागा ठेवावी लागते, तिला रेफ्यूज एरिया म्हणतात. आग लागली तर लिफ्ट वापरायची नाही, जवळच्या रेफ्यूज मजल्यावर जाऊन थांबायचं. डिसेंबर 2017 मध्ये त्याच भागात, कमला मिलच्या आवारात, गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागून 14 माणसं गेली होती. आमचा रेफ्यूज मजला दोन मजले खाली आहे. मी गुडघ्याला पट्टा बांधून तो जिना उतरून पाहिला आणि नातीलाही दाखवला. जिन्याच्या दारापुढे कोणी कुंड्या किंवा चपलांचे रॅक ठेवले असतील तर ते हलवायला लावा, संकोच करू नका.

शेजाराबद्दल लोक विचारतात. मजल्यावर चार घरं, दारं कायम लावलेली. पण खाली पोडियमवर, म्हणजे गाड्यांच्या मजल्यांच्या छतावर, बाग केली आहे. चाफा, बांबू, हिरवळ. स्लॅबवरच्या मातीत कडुनिंब वाढत नाही, सावली कमीच. तरी संध्याकाळी साडेपाचनंतर तिथल्या बाकांवर आज्या जमतात, गुजराती, बंगाली, एक केरळच्या. बोलणं हिंदीतून, आणि आपल्याकडच्या बायांना हिंदीची अडचण नसते. तिथे जाऊन बसायला लाजू नका. पावसाळ्यात ही बाग महिनोन्महिने ओली असते आणि माणूस वरच अडकतो. जोराचा वारा सुटला की दाराच्या फटीतून शिट्टीसारखा आवाज येतो, पहिल्या रात्री झोप लागत नाही, नंतर लागते. म्हणून जायचंच तर कापसाची वेचणी आटोपल्यावर, माघ-फाल्गुनात जा. मूर्तिजापूरहून रात्रीची अमरावती-मुंबई गाडी धरली की सकाळी दादर. यांच्यासारख्या माणसाला महिन्याभराहून जास्त दिवस ठेवू नका. दुसरा महिना लागला की ते रोज सकाळी गावी फोन करून पीकपाणी कसं आहे ते विचारत होते, आणि घरात चपला शोधत फिरत होते.

लिफ्टच्या नियमाबद्दल आम्ही सोसायटीला पत्र दिलं आहे. भाडेकरूला सोसायटीच्या सभेत मत नसतं, म्हणून घरमालकांना फोनवर सगळं सांगितलं. भले माणूस आहेत, त्यांनी त्यांच्या सहीने पत्र पाठवलं. आजारी माणसं, म्हातारी माणसं आणि कोणाच्याही घरी आलेले पाहुणे पुढच्या लिफ्टने जातील, अशी सूचना आता लॉबीत लागली आहे, आणि मेहकरच्या भाऊंनी तसं मला फोन करून कळवलं. घरकामाच्या बायांचा मुद्दा सभेत यायचा आहे. सूनबाई त्यासाठी इतर घरांच्या सह्या गोळा करते आहे, तिच्याकडे बऱ्याच जमल्या आहेत. पत्राचा मजकूर मी मराठीत लिहिलेला आहे. आपल्या लेकराच्या सोसायटीत ज्यांना द्यायचा असेल त्यांनी मागावा, मी पाठवते.